अधिक महिन्यातलं पान

शेजारच्या वाडीतल्या मास्तरांना काही विचारायची सोय नाही. घसा खाकरतात आणि समजावत बसतात. मला आता ऐकायचाही कंटाळा येतो. बायको गेल्यापासून दिवस सरता सरत नाही.

यंदा तिच्या श्राद्धाला पोरं रजा काढून आली, तर मास्तर मधल्या दगडी गडग्यावरून ओरडले, "अहो भाऊ, हा अधिक ज्येष्ठ! वहिनींची तिथी पुढच्या महिन्यात."

"हा महिना कुठनं उपटला?"

त्यांनी गडग्यावर नारळ ठेवून त्याच्याभोवती सुपारी फिरवली. "चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला पुरत नाहीत. दरसाल दहा-अकरा दिवस कमी पडतात. मग तिसऱ्या वर्षी एक महिना जास्तीचा घालायचा."

"चंद्राला सांगा, पोरांना परत रजा न्हाय."

श्राद्ध त्याच दिवशी उरकलं. दुपारी मास्तर मात्र सगळ्यांच्या आधी येऊन पानावर बसले. वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं.

पुढच्या महिन्यात, खऱ्या तिथीला, मी एकटाच होतो. चूलसुद्धा पेटवली नव्हती. कावळ्यांचा गलका ऐकून बाहेर आलो. गडग्यावर केळीच्या पानात भात आणि बिरडं वाढलेलं. पलीकडे मास्तर हात जोडून उभे.

मला बघून त्यांनी घसा खाकरला. समजावलं काहीच नाही.