शुक्रवारचा गाडा

बीडला आमच्या भांड्यांच्या दुकानापुढं चाचांचा फळांचा गाडा असायचा. सीताफळांच्या दिवसांत आमच्या पितळेलासुद्धा फळांचा वास लागायचा. शुक्रवारी दुपारी चाचा गाडा उघडा टाकून नमाजला जायचे. गिऱ्हाईक आलं की माझे वडील, अप्पा, पायरी उतरायचे, फळं निवडून द्यायचे आणि पैसे गोणपाटाखाली सारायचे. अप्पा जेवायला गेले की आमच्या गल्ल्यावर चाचा बसायचे. याला कुणी मदतही म्हणत नव्हतं.

तीच सवय मी हॉलंडला नेली. तिथं शनिवारच्या बाजारात मी मसाले विकतो. एकदा शेजारचा चीजवाला कॉफी आणायला गेला, गिऱ्हाईक ताटकळलं, म्हणून मी चीज तोलून दिलं. परत आल्यावर तो तापलाच. ‘माझ्या मालाला हात लावायला कुणी सांगितलं? कुणाला बाधलं तर जबाबदार कोण?’ त्याचं बरोबर असेलही, पण माझं डोकं फिरलं. तेव्हापासून मी शेजाऱ्याच्या मालाकडं बघतसुद्धा नाही.

यंदा सुट्टीत बीडला आलो. अप्पा लिंबागणेशला दर्शनाला गेले होते आणि दुकानात मी एकटाच होतो. वार शुक्रवार. चाचांच्या गाड्यापाशी एक बाई आली. मी पायरीवरूनच सांगितलं, ‘मालक नाहीत, थांबा.’ ती थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

चाचा परतल्यावर मी त्यांना तसं सांगितलं. ते रागावले नाहीत. टोपीची घडी खिशात घालत त्यांनी विचारलं, ‘का रं, तिकडं तुला शेजारी न्हाईत काय?’