डबलरावांचा दुसरा दोर

डबलराव हे नाव त्यांना सासुरवाडीने दिलं. माणूस लिफ्टदुरुस्तीतला. लिफ्ट कधी एका दोरावर लटकत नाही, एक तुटला तरी बाकीचे तोलून धरतात, हे उमेदवारीत कानावर पडलं आणि तेवढ्या शहाणपणावर त्यांनी अख्खा संसार रेटला. खिशात किल्ल्यांचे दोन जुडगे, एक चष्मा नाकावर तर दुसरा कपाळावर, पट्टा असूनही पँटीला नाडी. "लग्न तेवढं एकच केलं, तेही मी डोळे वटारले म्हणून," असं बायको पाहुण्यांना सांगायची.

ती घरूनच एका वॉशिंग मशीनवाल्या कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. नेट गेलं की बोलणं अर्ध्यात तुटायचं आणि गिऱ्हाईक आणखी भडकायचं. साहेबाने बजावलं होतं, आता एकदा जरी फोन तुटला तर ऑफिसात येऊन बसायचं. आणि सासूबाई तर अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कुशीवर कोण वळवणार?

डबलरावांनी कंबर कसली. एक पेटी आणली, तिच्यावर व्हीपीएन चढवला. बोलण्याचे तुकडे दोन लायनींवरून धावतात, लांबच्या एका कॉम्प्युटरवर पुन्हा सांधले जातात; एक लाइन मेली तरी पलीकडच्याला पत्ता लागत नाही, असं त्यांनी आईलासुद्धा समजावलं. म्हातारी हो म्हणाली आणि झोपली. एक लाइन घरची, दुसरी शेजारच्या शिंप्याच्या वायफायची. अडीनडीला तुम्ही आमचं वापरा, आम्ही तुमचं, अशी पासवर्डांची देवाणघेवाण झालेली.

एका सकाळी कुणीतरी रस्ता खणला आणि केबल तुटली. पेटीवरचे दोन्ही लायनींचे दिवे एकदम लाल. डबलरावांच्या तोंडचं पाणी पळालं, तेवढ्यात दार वाजलं. गळ्यात टेप घातलेला शिंपी उभा.

"भाऊ, तुमचं नेट गेलंय का? माझं पण बंद पडलंय."

"आमचं गेलं तर तुमचं का जावं?"

"मी माझं कधीच काढून टाकलं की. माझा वायफायचा डबा तुमचंच नेट ओढतो. दोन घरांना एक पुरतंय."

म्हणजे दुसरा दोर पहिल्याच दोराचं शेपूट होता. आतून मात्र बायकोचा आवाज शांतपणे चालूच होता: "हो ताई, आधी नळ बंद करा. आता झाकण उघडा."

डबलराव पेटीमागे वाकले. बायकोचा जुना मोबाइल डेटा चालू ठेवून तिथे वायरीने जोडलेला, आणि कोपऱ्यातला तिसरा दिवा हिरवागार.

फोन संपेपर्यंत ते गाल फुगवून उभे राहिले. मग म्हणाले, मला सांगायचं तरी.

तिने कानावरचा हेडफोन काढला. "नवरा एकच आहे ना. म्हणून दुसरी सोय करून ठेवली," म्हणाली, आणि सासूबाईंना कुशीवर वळवायला उठली.