डॉनाचा ड्रॉवर

“नंबर एकशे बारा,” मार्गो फोनवर म्हणाली. “मेघना, हा फोटो दारासमोर लागणार. सगळ्यात मोठा. बाकीचं सगळं त्याच्या मागून.”

मी लॅपटॉपवर एकशे बारा उघडला, बघितला आणि म्हणाले, “थँक यू.”

तो फोटो मी काढलेला नव्हता.

मार्गो फिनिक्समधल्या एका गॅलरीची क्युरेटर. म्हणजे भिंतीवर काय लागेल आणि काय लागणार नाही हे ठरवणारी बाई. मी फिनिक्सच्या शेजारीच, चँडलरला राहते. बारशी, मुंजी, ग्रॅज्युएशन पार्ट्या, आणि चिप कंपन्यांतले हाताची घडी घालून हसणारे मॅनेजर, हे माझं रोजचं काम. पण तीन वर्षं प्रत्येक सुट्टीच्या दिवशी मी वेगळंच काहीतरी करत होते. घरात बंदूक असलेल्या साध्या माणसांचे, त्यांच्याच घरात, बंदुकीसकट फोटो. एक दातांचा डॉक्टर, चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या एक बाई, शाळेची बस चालवणारी डॉना. बंदुका खांद्यावर टाकून मिरवणारे लोक मला नको होते. त्यांचे फोटो ते स्वतःच भरपूर काढतात. यातून माझं पहिलं प्रदर्शन व्हायचं होतं. वय वर्षं शेहेचाळीस.

मार्गोला माझे निवडक फोटो नको होते. “सगळे पाठव, मी बघते,” म्हणाली. म्हणून मी दोन्ही कॅमेऱ्यांमधलं सगळं एका फोल्डरमध्ये टाकून नंबर घालून पाठवलं. इथेच चूक झाली. दुसरा कॅमेरा सबनीस काकांच्या हातात असायचा.

काका आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. चिप फॅक्टरीत तीस वर्षं सेफ्टीत होते. ॲसिड कुठे ठेवलंय, किल्ली कोणाकडे आहे, हे विचारत हिंडायचं ते काम. रिटायर झाल्यावर ते स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर तारखेसकट लेबलं लावायला लागले, तेव्हा काकू मला म्हणाल्या, “यांना ने गं कुठेतरी.” असे ते माझे असिस्टंट झाले. लाइटचे स्टँड उचलायचे आणि टेस्ट शॉट काढायचे. टेस्ट शॉट म्हणजे उजेड कुठे किती पडतोय हे बघायला काढलेला फोटो. तो बघायचा आणि डिलीट करायचा. मी डिलीट करायचा कंटाळा केला.

डॉनाच्या घरी मी हॉलमध्ये सॉफ्टबॉक्स जोडत होते. उजेड मऊ करणारी ही मोठी कापडी पेटी उघडताना तंबू ठोकल्याइतका वेळ लागतो. काका दुसरा कॅमेरा घेऊन डॉनाबरोबर किचनमध्ये गेले. मला नुसते आवाज येत होते.

“कुठे ठेवता?” काकांचा आवाज.

“काय?”

“बंदूक. कुठे ठेवता तुम्ही?”

“हसायचं नाही हं.” ड्रॉवर ओढल्याचा आवाज. “इथेच असते. थांबा, या मेणबत्त्यांखाली असेल.”

“कुलूप?”

“किचनच्या ड्रॉवरला कोण कुलूप लावतं, काका?” तिला ते त्यांचं नाव वाटलं होतं.

“फ्रिजवर फोटो आहे तो नातू?”

“हो. चार वर्षांचा. दर शनिवारी इथेच असतो.”

“हात पोचतो त्याचा?”

मग कॅमेऱ्याची क्लिक ऐकू आली. एकशे बारा त्या वेळचा आहे.

उघडा ड्रॉवर. केचपच्या पुड्या, वाढदिवसाच्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या, गेलेल्या नवऱ्याचा चष्मा. त्यात डॉनाचा हात आणि रिव्हॉल्व्हरची नुसती मूठ. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नाही आणि खाली भीती आलेली आहे.

त्यानंतर मी तिला खिडकीशी उभी केली. रिव्हॉल्व्हर रिकामं करून घेतलं, तिच्या दोन्ही तळव्यांवर ठेवलं, डावीकडून उजेड टाकला. पन्नास मिनिटं लागली. फोटोत डॉना राज्याभिषेकाला निघाल्यासारखी दिसते.

मार्गोचा फोन ठेवल्यावर मी एकशे बारामधल्या चुका शोधल्या. किंचित तिरका आहे. उजव्या कोपऱ्यात डिशवॉशर आलाय. मग मोठा करून फोकस पाहिला. नेमका डोळ्यांवर. हे ऑटोफोकसचं काम, काकांचं नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. पण तोच ऑटोफोकस तीन वर्षं माझ्याही कॅमेऱ्यात होता. कॅमेरा माझा, लेन्स माझी, कार्ड माझं, डॉना मी शोधलेली, थर्मासमधला चहासुद्धा माझा. काकांचं फक्त बोट. आणि आमच्या धंद्यात ज्याचं बोट त्याचा फोटो.

आठवडाभर मी कोणाला काही बोलले नाही. मग मार्गोचा ईमेल आला: हा क्षण कसा मिळाला, चार ओळी दे. मी लिहिलं, “विश्वासाचं नातं हळूहळू उलगडत गेलं...” दुसऱ्यांच्या प्रदर्शनात असली वाक्यं वाचून मी नवऱ्याला कोपर मारते. खोडलं. तेवढ्यात काका आले. काकूंनी चिवडा पाठवला होता.

टेबलावर प्रिंट पसरलेल्या होत्या. काकांनी चष्मा लावून सगळ्या पाहिल्या.

“हा मस्त आलाय तुझा,” एकशे बारावर बोट ठेवून म्हणाले. “बाकीच्यात लोक फोटोला उभे आहेत. राग नको मानूस.”

“नाही मानत.”

“त्या दिवशी तिला म्हटलं होतं, कुलूप आण. आणलं की नाही देव जाणे. एकदा फोन करायला हवा.” ते चिवडा खायला लागले. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

त्यांना आठवत असतं तर मी कदाचित भांडले असते.

“काका, हा तुम्ही काढलाय.”

“मी? छे गं, मी लाइट चेक करत होतो.”

“किचनमध्ये लाइट नव्हतेच, काका. ते मी हॉलमध्ये लावत होते.”

“अरे हो की,” ते म्हणाले आणि प्रिंट पुन्हा उचलली. “मग तिरका आलाय थोडा.”

त्याच संध्याकाळी मार्गोला कळवलं. मला वाटलं होतं, ती फोटो काढून टाकेल किंवा माझ्या प्रामाणिकपणाबद्दल दोन शब्द बोलेल. तिचं एका ओळीत उत्तर आलं: “त्यांचे आणखी आहेत का?”

होते. प्रत्येक घरातले होते. टेस्ट शॉट डिलीटच करतात, असं सांगितलं असतं तर तिने लगेच विश्वास ठेवला असता. मी उत्तर टाइप केलं, “नाही, सॉरी.” मग जेवून घेतलं. मग ते पुसून सगळे पाठवले. त्यातले तिने आणखी चार घेतले आणि तेवढेच माझे कमी केले. मी काढलेला पियानोवाल्या बाईंचा फोटो त्यात गळला. त्यांच्याकडे मी तीनदा गेले होते.

ओपनिंगला भिंतीवर दोघांची नावं होती. काकूंनी इस्त्री केलेला कोट घालून काका आले आणि आल्या आल्या आग विझवायचं सिलिंडर कुठे आहे ते विचारून घेतलं. डॉना नातवाला घेऊन आली. मी खिडकीशी काढलेल्या तिच्या फोटोवरून तिची नजर नुसती सरकली. ड्रॉवरसमोर मात्र ती खूप वेळ थांबली.

“काका,” तिने हाक मारली, “पेटी आणली. लोखंडी. वरच्या कपाटात ठेवलीय.”

“किल्ली?”

“गळ्यात.” तिने साखळी ओढून दाखवली. मग तिने काकांना मिठी मारली. मारताना हातातली चीजची प्लेट माझ्याकडे दिली.

प्लेट परत घेताना तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“तूही होतीस ना त्या दिवशी?” ती प्रेमाने म्हणाली. “लाइट तू लावले होतेस.”

“हो,” मी म्हणाले. “लाइट माझे.”

आता मी सॉफ्टबॉक्स गाडीतच ठेवते. घरात शिरल्यावर आधी विचारते, “कुठे ठेवता?” माणसं हसतात, ओशाळतात, कपाट उघडतात आणि फोटो बरे येतात. वाक्य सबनीस काकांचं आहे. त्याचं क्रेडिट मी अजून कुठेही दिलेलं नाही.