हार माझा होता

बशीरभाईंबद्दल मी खोटं बोललो होतो.

काल दुपारी ते गेले. आज सकाळी त्यांना माती देऊन आलो आणि आता हे लिहायला बसलो आहे. ते असताना लिहायला हवं होतं.

विश्रांतवाडीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान. आत एक सायकल आणि एक माणूस मावायचा. दुसरा माणूस आला की सायकल बाहेर.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाबे घाटात एकट्याने जाणार होतो. पहिलीच सोलो राईड. आमच्या सायकल ग्रुपवर आठवडाभर आधीपासून सांगत होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बशीरभाईंनी सायकलचं सर्व्हिसिंग केलं. गिअर एकेक करून बदलून दाखवले.

"उद्या पूजा करणार ना साहेब? करा. पण हार घालून घाटात जाऊ नका. चाकाला हार-तुरे कळत नाहीत."

मी हसलो. दसऱ्याला सायकल धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. फोटो ग्रुपवर टाकला.

एकाने लगेच विचारलं, "रुखवतात मांडायची आहे का?"

त्यावर पंधरा-वीस हसरे चेहरे.

मला ते लागलं.

गावच्या शाळेत दसऱ्याला आम्ही पाटीची पूजा करायचो. वाहिलेलं फूल सुकेपर्यंत काढायचं नाही, असं गुरुजी सांगायचे. ते डोक्यात पक्कं बसलेलं. हार काढला नाही. ग्रुपवर म्हटलं मात्र, "काढला रे बाबांनो."

पहाटे निघालो. खडकवासल्याला वाऱ्याने हार तोंडावर यायला लागला, म्हणून सोडून सीटखालच्या बॅगेला गुंडाळला.

खानापूरहून आत वळलो. रांजणे मागे पडलं. घाट सुरू झाला तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. भाताला पिवळेपणा आला होता. प्रत्येक वळणाला मनातल्या मनात नाम घेत होतो. इतकं शांत मला देवळातही कधी वाटलं नव्हतं.

वरची खिंड दिसायला लागली. दोन-तीन वळणं राहिली असतील. उभा राहून जोर लावला.

कडकन आवाज आला आणि पाय मोकळे फिरले.

मागचा गिअर तुटून लोंबकळत होता. साखळीत झेंडूच्या पाकळ्या चेंगरलेल्या. हाराचा दोरा सुटून गिअरच्या चाकीत गुंडाळला गेला होता.

मला तिथेच सगळं कळलं. नंतर कळलं असं नाही.

हाताला लागेल तेवढा दोरा ओढून काढला. रस्त्यावर टाकवेना, म्हणून खिशात ठेवला.

वेल्ह्याकडून कोबी घेऊन येणारी एक पिकअप थांबली.

"काय वो, ढकलत नेताय व्हय पुण्याला?"

"तुटली."

"मग बसा म्होरं. तिला टाका कोबीवर."

सायकल चढवताना त्याने साखळीकडे पाहिलं. "फुलं अडकली जनू. बरं झालं चढाला तुटली. उताराला तुटली असती तर? देवानं राखलं म्हना."

मी हो म्हणालो.

आणि त्याच्याच शेजारी बसून ग्रुपवर लिहिलं, "राईड अर्धवट. गिअर तुटला. परवाच सर्व्हिसिंग केलं होतं."

"कुणाकडे?"

हाराचं सांगितलं असतं तर पुन्हा ते हसरे चेहरे आले असते.

मी लिहिलं, "बशीरभाई."

खाली एकाने लिहिलं, "बाप रे. माझी देणार होतो त्यांच्याकडे. आता कॅन्सल."

मी त्यावर होकाराचा अंगठा दाखवला. हो, तोही मीच दाखवला.

दोन दिवसांनी सायकल त्यांच्याकडेच घेऊन गेलो. दुसरीकडे नेली असती तर तिथे फुलांचं कुणी विचारलं असतं.

त्यांनी चिमट्याने आत राहिलेला दोरा काढला. त्याला एक वाळकी पाकळी होती. पेपरच्या तुकड्यावर ठेवून बराच वेळ पाहत राहिले. मग पुडी बांधून माझ्या हातात दिली.

"देवाचं आहे. मी कचऱ्यात नाही टाकत. नदीत सोडा."

बस. तेवढंच.

ग्रुपवर काय चाललंय ते त्यांच्या कानावर आलेलं होतं. हे मला नंतर समजलं.

उद्या सांगू, असं करत दोन वर्षं गेली. ग्रुपमधले सगळे दुसऱ्या मोठ्या दुकानात जायला लागले. मी मात्र बशीरभाईंकडेच जात राहिलो. साधी हवा भरायलासुद्धा.

एकदा ते म्हणाले, "तुमचे ग्रुपवाले दिसत नाहीत हल्ली. सगळ्यांच्या सायकली एकदम सुधारल्या वाटतं."

मी टायरकडे बघत राहिलो. ते माझ्याकडे बघत होते.

त्या दिवशी त्यांनी मला बोलायची जागा करून दिली होती. मी चहा सांगितला.

आज कब्रस्तानाच्या फाटकाशी त्यांच्या मुलाने माझा हात दोन्ही हातांत धरला. कमावता, मोठा मुलगा आहे. म्हणाला, "अब्बा तुमचं नाव घ्यायचे. ग्रुपमधला एकच माणूस येत राहिला, म्हणायचे."

मी त्याच्यासमोरही गप्प बसलो.

म्हणून इथे लिहितोय. ग्रुपमधले सगळे माझी ही नेटवरची भिंत वाचतात. हेच ग्रुपवरही टाकतो आहे. उद्या त्यांच्या घरी जाऊन मुलाला तोंडाने सांगणार आहे. तो काय म्हणेल ते ऐकून घेईन.

बशीरभाईंचं काम चोख होतं. त्यांनी मला आधीच बजावलं होतं.

तो गिअर माझ्या हाराने तुटला.

पुडी अजून देवघरात आहे. नदीवर दोनदा नेली आणि दोनदा परत आणली.

बशीरभाई, तुम्हाला सगळं माहीत होतं. तरी प्रत्येक वेळी माझी सायकल तुम्ही आधी हातात घेतलीत.

माफी मागायला उशीर केला.

तुम्हाला मनापासून श्रद्धांजली. खाली मान घालून.