हेडमास्तरांचा बूट

शाळेत होतो तेव्हा आमच्या बार्शीच्या रद्दीवाल्याकडे जुनी अमेरिकन कॉमिक्स यायची. उडणारे, मारामारी करणारे हिरो नसायचे त्यात. हायस्कूलची पोरं-पोरी, एक खटारा गाडी, एका पोरासाठी भांडणाऱ्या दोन मैत्रिणी आणि कायम चिडलेला हेडमास्तर. इंग्रजी मला निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं मी मधल्या सुट्टीत आमच्या हेडमास्तरांच्या आवाजात स्वतःच भरायचो. पोरं बाकावरून खाली पडायची.

त्यामुळं कॅनडात वॉटर्लूला शिकायला आल्यावर लायब्ररीत असल्याच जुन्या कॉमिक्सचा मेळा आहे आणि व्हॉलंटियर पाहिजेत असं कळल्यावर मी लगेच अप्लाय केलं. रूममेटला पण ओढला. तो नागपूरचा. कॉमिक्सशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, पिझ्झा फुकट होता.

मला एका आजींचं टेबल सांभाळायला दिलं. जवळच्याच ओकव्हिल गावच्या गोऱ्या आजी, ऐंशीच्या पुढच्या. तरुणपणी घरच्या डायनिंग टेबलावर बसून असलीच कॉमिक्स काढायच्या आणि पानं पोस्टानं न्यूयॉर्कला पाठवायच्या. सोबत त्यांची कॉलेजातली नात आणि जुन्या अंकांचा खोका. आजी बोलल्या इंग्रजीतच, पण माझ्या डोक्यात सगळं मराठीत डब होतं, त्याला मी काय करू?

पहिलाच माणूस आला, त्यानं विचारलं, "यातली तुमची गोष्ट कुठली?"

आजींनी चार अंक चाळले. "कोण जाणे बाबा!"

तो हसला आणि पुढच्या टेबलाकडं गेला. ते हसू काही बरं नव्हतं.

मग नातीनं मला समजावलं. तेव्हा चित्रकाराचं नावच छापायचे नाहीत. आणि सगळ्यांनी असं काढायचं, की एकाच माणसानं काढलंय असं वाटलं पाहिजे.

"म्हणजे तुम्ही नकला करायचात!" मी खूशच झालो. आपल्याच धंद्यातलं माणूस भेटलं की.

"फार चांगल्या करायचे," आजी म्हणाल्या. "म्हणून तर आता माझं मलाच सापडत नाही."

नातीला एकच पान पाहिजे होतं. आजीचं, आजीच्या सहीचं, भिंतीवर लावायला. त्यासाठीच ती आजींना घेऊन आली होती.

"कुठल्याही पानावर कर ना सही," ती म्हणाली. "कुणाला कळणारे?"

"मला," आजी म्हणाल्या. दुपारपर्यंत नातीनं अजून दोनदा विचारून पाहिलं. शेवटी आजींनी खोका बंद केला आणि जायचं म्हणून दोघी कोट आणायला गेल्या.

तेवढ्यात मी पिझ्झ्याकडं गेलो. रूममेट तिसऱ्या तुकड्यावर होता. "कशी आहे बे तुझी आजी?"

आता असं विचारल्यावर मी तोंडानं सांगणार होय? खुर्चीत बसलो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ मुडपलेले आणि टेबलाखाली उजवी टाच बुटातून बाहेर, बूट नुसता बोटांवर लोंबकळतोय. रूममेट खिंकाळला. मग त्यानं हातातला तुकडा खाली ठेवला.

"मागं पाह्य बे."

मागं दोघी कोट घालून उभ्या.

"थांबलास कशाला?" आजी म्हणाल्या. "पण ते पायाचं काय मध्येच?"

"तुम्ही तशाच बसता."

"मी? छे!"

नातीनं खाली बघितलं. "ग्रँडमा, तू आत्तासुद्धा..."

आजी उभ्या होत्या आणि उजवी टाच बाहेर.

मी खोका परत उघडला. रूममेट मदतीला धावला, तर नात ओरडली, "तेलकट हात लांब!" आम्ही पानापानांवर नुसते पाय बघत सुटलो. पोरींचे बूट सगळीकडं नीट घातलेले. पोरांचे पण. आणि मग एका अंकात हेडमास्तर टेबलावर हात आपटून ओरडतोय, आणि टेबलाखाली त्याची उजवी टाच बाहेर, बूट लोंबकळतोय.

आजींनी चष्मा पुसला आणि पान डोळ्यांपाशी नेलं.

"ही टेलिफोनची गोष्ट! हिची आई पोटात होती तेव्हा. पाय असे सुजायचे, बूट राहायचाच नाही पायात. मी सगळ्यांचेच तसे काढले, संपादकानं पान परत पाठवलं. पोरापोरींना बूट घाल म्हणाला. घातले. ह्याचा त्याला दिसलाच नाही!"

नातीनं पेन दिलं. आजींनी ते टेकवलं आणि तिथंच थांबल्या. पेन हलेचना.

मग मी आमच्या हेडमास्तरांचा आवाज काढला. "ए कारटे! बघत काय बसलीस? कर सही! नाहीतर उद्या वडिलांना घेऊन यायचं!"

मराठी त्यांना ओ की ठो कळत नाही, पण हेडमास्तर बरोबर ओळखला. हसतहसत पानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सही ठोकली. नात एकीकडं रडत होती, एकीकडं माझ्या नावानं शंख करत होती, कारण हसता हसता आजींचा हात हलला आणि शेवटची दोन अक्षरं हेडमास्तरांच्या टकलावर गेली.

जाताना आजींनी पिझ्झ्याच्या खोक्यावर माझं चित्र काढून दिलं. अगदी कॉमिकातल्या हिरोसारखं, फक्त टाच बाहेर. खाली सही, ह्यावेळी न सांगता.

ते मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आईनं जवळून बघितलं, लांबून बघितलं.

"चांगलंय रे. पण बूट नीट घालत जा की पायात. थंडी असते ना तिकडं?"