सुनीताची चढती नाडी

"सर, सही नका करू," रजिया सिस्टर म्हणाल्या.

माझं पेन सुनीताच्या फिटनेस सर्टिफिकेटवर टेकलेलं. आश्रमशाळेतली ही आठवीची मुलगी जिल्ह्याच्या शर्यतीत धावायला निघाली होती. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. चामोर्शी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी मेडिकल ऑफिसर होतो आणि सिस्टर माझ्या हाताखाली. निदान कागदावर तरी.

"काऊन?"

"तिची नाडी दरसाल चढून राह्यली."

शाळातपासणीत मी पोरांना रांगेत उभं करून पंधरा सेकंद नाडी मोजायचो आणि चारनं गुणायचो. सिस्टर सकाळीच मुलींच्या वसतिगृहात जायच्या. पोरी अंथरुणातून उठायच्या आधी पूर्ण मिनिटभर मोजून वहीत लिहायच्या. "वैदूचं दुकान टाका आता," म्हणून मी त्यांना चिडवायचो.

त्यांनी ती वही पुढे केली. मूल वाढतं तसं हृदयही वाढतं. एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून निवांत असतानाचे ठोके वर्षागणिक कमी होतात. बाकीच्या पोरींचे नव्वदवरून पंचाहत्तरकडे उतरलेले. सुनीताचे चौऱ्याऐंशी, ब्याण्णव, एकशे चार.

"रक्त कमी असेल." आमच्याकडे कशालाही हेच उत्तर, आणि लोहाच्या गोळ्या.

"दोन वर्षं तुमच्याच गोळ्या खाल्ल्या तिनं, सर. रक्त भरलं. नाडी काई उतरली नाई."

मी पेन खाली ठेवलं. सुनीताला झोपवलं, दहा मिनिटं थांबलो, मग स्टेथो लावला. ठोक्यांमध्ये बारीक फुसफुस होती. रांगेच्या घाईत ती मी कधी ऐकलीच नव्हती.

"सर, मले धावू नाई देनार का?" तिचे डोळे भरले.

"देईन ना. पण आधी नागपूर."

तिथे इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं आणि उजवी बाजू ताणून फुगली होती. आणखी काही वर्षं गेली असती, तर ऑपरेशनचीही वेळ टळून गेली असती. ऑपरेशन झालं, नीट झालं.

"छान पकडलंत, डॉक्टर," सर्जन म्हणाले.

खोटं कशाला सांगू, थँक यू ओठांवर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "आमच्या सिस्टरनं पकडलं. मी तर सही करत होतो."

दीड वर्षानं सुनीता धावली. चौथी आली आणि चिडून रडली. ते रडणं बघायला मिळालं, हे रजिया सिस्टरचे उपकार. ते मी जन्मात विसरणार नाही.

नव्या डॉक्टरांना एवढंच सांगतो, पेशंटचा आजचा आकडा सगळेच बघतात. मागच्या तीन वर्षांचेही मागा. ते बहुधा डॉक्टरकडे नसतात.