डावीकडची खालची दाढ

वृद्धाश्रमाच्या पहिल्या मजल्यावर सोळा माणसं होती आणि त्या सोळा जणांची तोंडं सकाळ-संध्याकाळ स्वच्छ करणं हे मावशींचं काम. ते त्यांनी मागून घेतलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्या इथं फरशी पुसायला लागल्या. एकदा दातांच्या डॉक्टर सगळ्यांना ब्रश कसा करायचा ते शिकवायला आल्या, बाकीच्या जणी आपसांत खुसखुसत बसल्या आणि या एकट्या लक्ष देऊन ऐकत होत्या. एवढ्यावरून ते गळ्यात पडलं ते पडलंच.

काम दिसायला सोपं. माणसाला खुर्चीत बसवायचं, छातीवर टॉवेल टाकायचा, आपण मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या अंगाशी टेकवायचं. मऊ ब्रश हिरडीशी तिरका धरायचा, वाटाण्याएवढी पेस्ट, छोटे छोटे गोल. बाहेरून, आतून, चावायची बाजू, शेवटी जीभ. प्रत्येकी दोन मिनिटं, असं शिकवलं होतं. पण कुणी चूळ टाकायलाच पाच मिनिटं लावायचं, तर कुणी 'आत्ताच तर झालं' म्हणून भांडायचं. सोळावं तोंड होईपर्यंत मावशींचा उजवा खांदा उचलत नसे. घरी सून ताट वाढून द्यायची, तर हात तोंडापर्यंत न्यायचंही जिवावर यायचं.

सगळ्यांत अवघड शिंपीकाका. उभा जन्म शिवणयंत्रावर काढलेला माणूस. आता मागे एक पुतण्या, तोही महिन्यातून एकदा डोकावणारा. दोन वर्षांत त्यांचं बोलणं आटत आटत बंद झालं होतं. ब्रश डावीकडे वळला की ते दात आवळून घेत. एकदा मावशींचं बोट सापडलं आणि नख काळंनिळं झालं. तेव्हापासून त्या काकांचे उजवीकडचे आणि समोरचे दात नीट घासत आणि डावीकडे नुसता ब्रश फिरवल्यासारखं करत. बघतंय कोण. रोजच्या कामाच्या वहीत बरोबरची खूण होत होती.

दर सहा महिन्यांनी डॉक्टर तपासायला यायच्या. मागच्या खेपेला काकांनी तोंडच उघडलं नाही. डॉक्टरांना अजून अकरा जण बघायचे होते. "पुढच्या वेळी बघू," म्हणून त्या पुढे सरकल्या.

मग काकांनी जेवण सोडलं. मऊ भातसुद्धा तोंडात घोळवून बाहेर काढायचे. दहा-बारा दिवसांत सदऱ्याची कॉलर सैल झाली.

"वय झालंय, मावशी," व्यवस्थापिका म्हणाल्या. "अन्नावरची वासना उडाली की असंच असतं. पुतण्याला कळवून ठेवते."

मावशींनाही ते पटलं. अशी माणसं त्यांनी पाहिली होती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी काका खुर्चीत झोपले होते, तोंड उघडं, आणि त्यांच्या श्वासाला घाण वास येत होता. मावशींनी मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. डावीकडच्या खालच्या दाढेपाशी हिरडी फुगून लाल झाली होती आणि कडेला पू दिसत होता. त्या तिथंच पलंगाच्या कडेवर टेकल्या.

व्यवस्थापिका म्हणाल्या, "डॉक्टर दोन महिन्यांनी येणारच आहेत."

"तोवर काका राहायला हवेत ना, बाई."

दुसऱ्या दिवशी मावशींची सुट्टी होती. पाय पसरून पडायचं ठरवलं होतं. त्याऐवजी त्या काकांना टॅक्सीत घालून त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी पाहून विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?"

"ते सांगत नाहीत. पण मी त्या बाजूला चार महिने ब्रश लावलेला नाही. चावायचे, म्हणून सोडून द्यायचे मी. वहीत खोट्या खुणा केल्यात."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. दाढेभोवती बोट फिरवत त्या म्हणाल्या, "दुखत होतं म्हणून चावत असतील. तोंड उघडत नव्हतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

दाढ निघेपर्यंत काकांनी मावशींचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

आठवड्याभरात काका भात खायला लागले, मग मऊ पोळीही. एका सकाळी ब्रश चालू असताना त्यांनी मावशींच्या बाहीचं टोक चिमटीत धरलं, निरखून पाहिलं आणि म्हणाले, "उसवलीय." कित्येक महिन्यांतला तो पहिला शब्द. मावशींनी मान हलवली आणि ब्रश डावीकडे नेला. काकांनी पुन्हा दात आवळले. सवय कुठली जायला. मग त्या थांबून राहायच्या, ते तोंड उघडेपर्यंत. त्यामुळे रोज दहा मिनिटं जास्त जाऊ लागली.

काका पुढे दीड वर्ष जगले. डॉक्टर दर तीन महिन्यांनी यायला लागल्या, आणि तोंड न उघडणाऱ्यांना आधी बघायच्या.

व्यवस्थापिकांनी मावशींना बोलावून घेतलं. "तुमच्या हाताला गुण आहे. वरचा मजलाही तुम्हीच बघा आता."

"बघते. पण दोघी जणी लागतील मदतीला."

एक मिळाली. तिला ब्रश कसा धरायचा ते शिकवण्यात मावशींचा पुढचा महिना गेला.